खैरवाडीचा वळसा

मुखेडच्या जनावरांच्या दवाखान्यात रामलिंग ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा होता, पण तालुक्यात त्याला सगळे डॉक्टरच म्हणत. खरे डॉक्टर नांदेडहून येऊन-जाऊन करायचे, आणि त्यातही जाऊनच जास्त असायचे. त्यामुळं म्हैस अडली, बैलाच्या खुरात किडे पडले, गाय माजावर आली, की फोन रामलिंगलाच. फोन करणाऱ्याची एक ठरलेली चाल असे. आधी ‘डाक्टर, जेवले का?’ मग गावात पाऊस किती झाला ते. मग शेतातली खबर. आणि शेवटी, जणू आत्ताच आठवलं, ‘ते म्हस जराशी कन्हून राहिली.’ ही जराशी कण्हणारी म्हैस बहुतेक वेळा दोन दिवसांपासून आडवी असायची.

रामलिंग सत्तावन्न वर्षांचा. उंच, काटकुळा, मानेभोवती दस्ती, मोटरसायकलच्या मागं औषधांची पेटी. रस्त्यात चढ लागला की गिअर बदलायच्या आधी तो तोंडानं हॉर्न द्यायचा, एक लांब आणि एक आखूड. बांधावरची गुरं मान वर करून बघायची आणि माणसं हसून घ्यायची. रेल्वेचं वेड या माणसाला नवव्या वर्षी लागलं. बापासोबत एका लग्नाला तो मुदखेडला गेला आणि लग्न लागलं, पंगती उठल्या, तरी पोरगं सापडेना. शेवटी ते स्टेशनात मिळालं, डोळ्यात कोळशाची कुसळी गेलेली, एक डोळा लालबुंद आणि दुसरा इंजिनावर. बापानं तिथंच दोन ठेवून दिल्या. रामलिंगला त्या लागल्याच नाहीत, कारण तेवढ्यात पूर्णेकडची गाडी आत येत होती.

पण नशिबाचा खेळ बघा, गाव दिलं मुखेड. एसटी हाय, आठवडी बाजार हाय, तहसील हाय, रूळ तेवढा न्हाई. उदगीरचं स्टेशन बसनं दीड-दोन तासांवर, नांदेड त्याहून लांब. वारा कसाही सुटला तरी हॉर्न ऐकू यायचा नाही. बायको गौरम्मा देगलूरच्या पल्याडची, निम्मी कानडी. रामलिंग जेवताना मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ लावून बसला की ती ताट पुढं सरकवायची. ‘साकु री, पुरे आता. गाडी कुठं पळून न्हाई चालली. भाकर गार व्हायली.’

व्हिडिओ यायचे ते ‘मराठवाडा रूळप्रेमी’ या ग्रुपवर. ग्रुपचा चालक वीरेश, उदगीरचा, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवणारा. बोलणं त्याचं वर्गातल्यासारखं. ‘म्हणजे आता आपण काय बघितलं?’ असं विचारून स्वतःच उत्तर द्यायचा. या ग्रुपात एक रिवाज होता. नवा माणूस आला की त्यानं आधी आपलं घर सांगायचं. कुठं राहता, जवळची लाईन कोणती, एकेरी का दुहेरी, घरातून हॉर्न ऐकू येतो का, येत असेल तर कोणकोणत्या गाडीचा. लोक मोठ्या चवीनं सांगायचे. मुदखेडची दामिनी औषधाचं दुकान चालवायची आणि तिचं घर मालधक्क्याच्या मागं. तिनं लिहिलं होतं की भोकरकडची गाडी सुटली की आमच्या मांडणीतले पेले आपसात बोलायला लागतात, आणि सासूबाई त्यावरून दूध तापवायची वेळ ठरवतात. परभणीचे एक रिटायर मास्तर होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं ते नुसत्या हॉर्नवरून ड्रायव्हरचा मूड ओळखायचे. लातूरचा एकजण लिहायचा थोडकं, पण रुबाबात: ‘घर ते फलाट, चपला न घालता.’

रामलिंगनं सहा वर्षांपूर्वी लिहिलं होतं: राहणार मुखेड. लाईन नाही. हॉर्न नाही. त्यावर कुणीतरी रडका चेहरा टाकला होता आणि कुणीतरी चुकून अभिनंदन.

वीरेशकडं एक यादी होती, तिला सगळे रूळवही म्हणत. प्रत्येक जानेवारीत ती ग्रुपवर यायची. एकेका लाईनचं नाव, त्याखाली त्या लाईनवर राहणारे सभासद. सगळ्यात शेवटी एक मथळा, ‘लाईन नसलेले’. त्याखाली एकच नाव असायचं. वीरेशच्या मनात काही नव्हतं, यादी पूर्ण असावी एवढंच. पण दर जानेवारीत ती यादी आली की रामलिंग पहिली नावं वाचायचाच नाही, सरळ तळाला जायचा आणि बघायचा, अजून कुणी आलंय का सोबतीला. कुणी येत नव्हतं. त्या मथळ्याखालून एकदा नाव निघावं, एवढंच त्याला हवं होतं. पगारवाढ, बदली, पोरीचं लग्न, सगळं ज्याच्या-त्याच्या वेळेला झालं होतं. हे तेवढं राहिलं होतं.

आणि ते नाव तिथून निघायला वाव होता. मुखेडवरून रेल्वे जाणार, ही बातमी त्या भागात आजोबांपासून चालत आलेली. निवडणूक आली की ती उठून बसायची, नंतर परत आडवी व्हायची. पण एकदा खरंच सर्व्हेवाले आले होते. जीप, तिपाई, लाल-पांढऱ्या काठ्या, सगळा सरंजाम. महिनाभर राहिले, माळामाळानं दगड रोवले, त्यावर पांढऱ्या रंगानं नंबर घातले आणि गेले ते गेलेच. त्या वेळी रामलिंग बदलीवर किनवटला होता. आयुष्यात एकदा रेल्वे दारात आली आणि आपण शेळ्यांना लसी टोचत होतो, हे दुःख त्यानं पुढं कितीतरी लोकांना ऐकवलं. परत आला तोवर दगड उभे होते आणि माणसं गेली होती.

मग त्यानं दगड धरले. कामच गावोगाव फिरायचं, त्यामुळं सोय होती. गाय बघायला गेला की गाय बघून झाल्यावर दगड बघायचा. वही केली. अमुक नंबर, तमुक शिवार, मागच्या दगडापासून मोटरसायकलच्या आकड्यानं इतकं अंतर, मधे ओढा एक, पूल लागेल लहान. प्रत्येक ठिकाणी मालकाला विचारून खात्री करायचा, की हा दगड सर्व्हेवाल्यांनीच रोवला ना. मालक छातीवर हात ठेवून सांगायचा, ‘तर. इंजिनेर सायबानं सोता रोवला. मी पाणी पाजलं त्यास्नी.’ एका गावात साहेबाला पाणी, दुसऱ्यात ताक, तिसऱ्यात हुरडा. असा दगडागणिक खात-पीत गेलेला साहेब रामलिंगच्या वहीत ओळीनं नोंदला गेला.

या सगळ्या लाईनीत त्याचं काळीज म्हणजे खैरवाडीचा वळसा. खैरवाडी हे त्याचं मूळ गाव, मुखेडपासून थोडंच पुढं. तिथली शेती धाकटा भाऊ शिवशंकर करायचा. सहा नंबरच्या दगडापर्यंत लाईन सरळ येत होती. तिथून ती अचानक उजवीकडं वळायची, खैरवाडीचा माळ चढायची, बरोबर रामलिंगच्या घरच्या रानात सात नंबरला शिरायची आणि मग गोल फिरून नऊ नंबरला परत खाली उतरायची. असा वळसा अख्ख्या मराठवाड्यात नाही, असं त्यानं ग्रुपवर लिहिलं. डब्यात बसलेल्या माणसाला खिडकीतून आपलंच इंजिन दिसेल. आणि ते बघायला उभं राहायची जागा आमच्या बांधावर.

ग्रुपात यावर चर्चा झाली, म्हणजे बरीच झाली. न बांधलेल्या लाईनीवर वेगमर्यादा किती असावी, यावरून परभणीचे मास्तर आणि लातूरचा थोडकं लिहिणारा चार दिवस बोलत नव्हते. शेवटी वीरेशनं निकाल दिला. रूळवहीचा नियम एकच. तीन सभासदांनी लाईन पायी चालायची आणि तिघांचं एकमत झालं की लाईन वहीत. रूळ असलेच पाहिजेत असं नियमात कुठंच नाही. मी येतो, दामिनीताई येतात, तिसरे तुम्ही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोघं आले. रामलिंगनं त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत. गौरम्मानं धपाट्यांचा डबा बांधून दिला आणि दामिनीला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, यांना पाणी प्यायची आठवण करत जा, रेल्वेचं निघालं की हे तहान विसरतात.

एक ते सहा दगड मजेत झाले. प्रत्येक दगडापाशी वीरेश मोबाईलवर खूण करायचा, दामिनी फोटो काढायची, रामलिंग वहीतून वाचायचा. पाच नंबरपाशी दोन शेतकरी बसले होते. ही मंडळी रेल्वेची आहेत असं समजून त्यांनी चहा मागवला आणि गाडीला आमच्या गावचा थांबा मिळंल का, ते विचारलं. वीरेशनं गंभीरपणानं सांगितलं की थांबा प्रवासी संख्येवर ठरतो. शेतकऱ्यांनी आपसात बघितलं आणि संख्या मोजायला सुरुवात केली, त्यात पुण्याला गेलेलेही धरले.

मग वळसा आला. सहावरून सातवर जायला माळ चढायचा होता, पायाखाली नुसते गोटे आणि कुसळं. सातपाशी पोचल्यावर वीरेशनं मोबाईल आडवा धरून बघितला, मग उभा. नकाशावरच्या खुणा सहापर्यंत दोरी ताणल्यासारख्या होत्या आणि तिथून जिलबी.

पण रूळप्रेमी माणूस असा असतो, की रूळ चुकला असं त्याच्या मनात येतच नाही. कारण असेल, ते आपल्याला कळलं नाही, एवढंच. वीरेश म्हणाला, चढ कमी ठेवायला वळसा घेतला असेल. पण चढ तर वळशामुळंच लागत होता. दामिनी म्हणाली, खाली काळी जमीन आहे, भराव खचतो म्हणून माळावर आणली असेल. रामलिंगनं तिच्याकडं कौतुकानं बघितलं आणि हेच मी म्हणत होतो असं म्हणाला, जरी तो ते कधी म्हणाला नव्हता. मग ओढ्यावरचा पूल काटकोनात घ्यायचा असतो, हे निघालं. मग डोंगरातल्या छोट्या गाड्या अशाच वळतात, हे निघालं. भर उन्हात, एका झाडाचीही सावली नसलेल्या माळावर, तीन शहाणी माणसं अर्धा तास उभी राहून नसलेल्या गाडीला वळवत होती. शेवटी वेगमर्यादा पंधरा ठरली. रामलिंगनं ती वहीत लिहिली आणि खाली रेघ ओढली. इतक्या वर्षांत त्याचं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

नऊ नंबर सरजाबाईच्या रानात होता. सरजाबाई सत्तरीच्या पुढची, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, पोरं नांदेडला नोकरीत. एकटी रान राखायची आणि दिवसभर बोलायला कुणी नसल्यानं सगळं बोलणं साठवून ठेवायची. तिच्या म्हशीचं आचळ रामलिंगनं मागच्याच महिन्यात बरं केलं होतं. तिनं तिघांना गोठ्याच्या सावलीत बसवलं, तांब्या दिला आणि ह्या लेकरांनी काय काम काढलं ते विचारलं. वीरेशनं वर्गात सांगावं तसं सांगितलं, की आजी, रेल्वेची लाईन दगडांवरून मोजून राहिलो, पण हा नऊ नंबर इकडं एवढ्या बाजूला कसा, ते कळंना.

‘कळंल कसं,’ सरजाबाई म्हणाली. ‘त्यो हितं नव्हताच की. पार खालच्या अंगाला व्हता, हिरीजवळ. आमच्या मालकानं उपटून आणला. रेल्वेत हीर जाईल म्हणले.’

सरजाबाईला वाटलं, यांना नीट कळलं नाही. तिनं आणखी फोड करून सांगितलं.

‘आवं, एकट्या आमच्या मालकानं न्हाई. ज्याची हीर त्यानं लांब सारला, ज्याचा माळ त्यानं जवळ ओढला. जमिनीचा मावेजा, सरकारचा पैका भेटंल म्हून. पाच-सा सोडले तर जागचा दगुड ऱ्हायलाच न्हाई कुठं. पर पह्यला कुणी उचलला? तुमच्याच शिवशंकरनं, डाक्टर. बैलगाडीत घालून माळावर नेला. त्याचं बघून मग समदे.’ आणि मग रामलिंगच्या तोंडाकडं बघून तिचा आवाज उतरला. ‘तुमाला ठावं न्हाई व्हय? मला वाटलं घरातलीच गोष्ट हाय.’

रामलिंगनं तांब्या खाली ठेवला. ठेवताना तो कलंडला आणि पाणी वहीच्या पिशवीखालून वाहत गेलं. दामिनीनं पिशवी उचलली. वीरेश मोबाईलवरच्या खुणा बोटानं मोठ्या करत होता, लहान करत होता, पुन्हा मोठ्या करत होता. मग तो हळू आवाजात म्हणाला, की काका, पहिले सहा तर सरळ आहेत. तेवढी लाईन आपण वहीत घेऊ. सहा नंबरपर्यंत. पुढचं काम चालू, असं लिहू.

त्याची नियत चांगली होती. दामिनीनंही मान डोलावली. दोन मतं झाली होती, तिसरं रामलिंगचं लागत होतं. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते एका हो म्हणण्यावर आलं होतं, आणि हो म्हणायला हरकत घेणारं तिथं कुणी नव्हतं.

‘पहिले सहा बी जागचे हायत का, कुणाला ठावं,’ रामलिंग म्हणाला. ‘न्हाई. नका लिहू.’

सरजाबाईनं सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले. ते हातात घेऊनच तिघं परत निघाले. जाताना कुणी वाटेतल्या दगडांकडं बघितलं नाही. बसस्टँडवर उदगीरची बस लागली तेव्हा वीरेश खिडकीतून म्हणाला, जानेवारीच्या यादीतला तो मथळाच काढून टाकतो. रामलिंग म्हणाला, कशाला, यादी पूर्ण असावी. दामिनीची नांदेडची बस त्यानंतर अर्ध्या तासानं होती. तो अर्धा तास तिनं सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल बोलण्यात घालवला, आणि रामलिंगनं त्यावर म्हशीला लावतात ते तेल सुचवलं.

शिवशंकरला त्यानं चार दिवस काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी शिवशंकर स्वतःच मुखेडला आला. बाजाराची पिशवी हातात, पण आत काही नाही. सरजाबाईनं गावभर सांगितलं होतं. तो उंबऱ्यावरच बसला आणि आत ये म्हटलं तरी येईना. गौरम्मानं चहा बाहेरच आणून दिला.

‘त्या माळावर कुसळाबिगर काय येत न्हाई, अण्णा,’ तो म्हणाला. ‘रेल्वेनं घेतला असता तर आपलं दोघांचं बी कल्याण झालं असतं. तू किनवटला. विचारायचं कुणाला. मग तू आला आन वही काढली. तवा सांगणार व्हतो.’

‘मग?’

‘तू त्या दगडाला हात लावून उभा व्हता,’ शिवशंकर म्हणाला. ‘हसून राह्यला व्हता. पुढं मग दर वर्साला आणखीच अवघड व्हत गेलं.’

रामलिंगला संताप यायला पाहिजे होता. त्यानं आत चाचपून बघितलं, जसं तो म्हशीच्या पोटात हात घालून चाचपायचा, पण हाताला काही लागलं नाही. गावच्या गाव त्याला ताक पिणाऱ्या साहेबाची गोष्ट सांगत होतं आणि कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. डॉक्टर मनानं चांगला आहे, फोन केला की येतो, मग त्याला त्याच्या रेल्वेचं चार गोड शब्द बोलावं, एवढाच हिशेब. ज्याच्या-त्याच्या दारात त्याला लाईन मिळाली होती, ती अशी.

शिवशंकरला मात्र राहवेना. पुढच्या रविवारी तो गावातल्या एकाचा ट्रॅक्टर मागून घेऊनच आला. ट्रॉलीत सात नंबरचा दगड, बुडाला माती चिकटलेली, पहारीचे ओरखडे ताजे. जिथून उचलला तिथं नेऊन ठेवतो, तू चल, तुझ्या समोर ठेवतो म्हणाला. रामलिंगनं कशाला म्हटलं. गौरम्मा म्हणाली, जा की री, त्याचं तरी मन हलकं होईल. म्हणून तो दस्ती गळ्यात टाकून ट्रॉलीत दगडाशेजारी बसला.

खालच्या शिवारात गेल्यावर शिवशंकरनं ट्रॅक्टर थांबवला आणि उतरून इकडंतिकडं बघितलं. इथं एक बाभूळ होती म्हणाला, बाभळीपासून वीस-पंचवीस पावलं. बाभूळ नव्हती. पुढं गेले. इथं मडिवाळप्पाचा बांध होता म्हणाला. मडिवाळप्पाच्या पोरांनी वाटणी केली होती, बांध सरकले होते आणि मधे शेततळं झालं होतं. शिवशंकर तळ्याच्या काठानं चालत गेला, परत आला, पुन्हा ट्रॅक्टरवर बसला, पुन्हा उतरला. शेजारच्या रानात हरभरा काढणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. एकीनं विचारलं काय हरवलं. शिवशंकर म्हणाला, काय न्हाई.

असं दुपारपर्यंत चाललं. तीन ठिकाणी त्यानं हेच म्हणून पहार टेकवली आणि तीन वेळा उचलली. रामलिंग ट्रॉलीतून उतरला नाही. त्याला एवढंच दिसत होतं, की चारी बाजूंनी सपाट रान आहे आणि त्यात कुठूनही कुठंही गाडी जाऊ शकते, आणि जात नाही.

बाराच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या मालकाचा फोन आला, पाण्याचा टँकर ओढायचाय, लवकर आण. शिवशंकर घामानं भिजला होता. त्यानं भावाकडं बघितलं. मग शिवशंकरनं ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घेतला, ट्रॉलीचं फळकं पाडलं आणि दोघांनी मिळून दगड खाली ओढला. तो रस्त्याच्या उतारावर धुळीत उभा राहिला, जरा कलून.

‘नंबर कुणीकडं करू, अण्णा?’ शिवशंकरनं विचारलं.

‘कसाबी ठेव,’ रामलिंग म्हणाला आणि पुन्हा ट्रॉलीत चढून बसला.